टॅनरी हिलवरची चौथी गाडी

एप्रिल लागला की आमच्याकडचे रस्ते फक्त नकाशावर उरतात. जमिनीतला बर्फ वरून वितळतो, खालून तसाच राहतो, आणि मधल्या हातभर मातीची पेज होते. व्हरमाँटमध्ये ह्याला चिखलाचा मोसम म्हणतात. तो पाच-सहा आठवडे चालतो आणि तेवढ्या दिवसांत मला एक घास धड बसून खायला मिळत नाही.

मी ओडेट लारो. चौरस्त्यावरचं गाड्या ओढून आणायचं गॅरेज माझं. बापाने काढलं, त्याच्यामागे एकतीस वर्षं मी चालवतेय. एवढ्या काळात चिखल काही बदलला नाही, माणसं बदलली. पूर्वी लोक चिखलाला वचकून असत. गाडी टेकडीखालच्या पक्क्या जागेत लावायचे, मागे ट्रेलर असला तर तोही तिथेच सोडायचे, आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून घरी चालत जायचे. आता जो तो चारही चाकांना ओढ असलेली गाडी घेऊन बसलाय. जाहिरातीत ती गाडी ओढे ओलांडते, कडे चढते, म्हणून इथेही चढेल अशी सगळ्यांची खात्री. इथे ती रुतते. एका चाकाऐवजी चार चाकं जागच्या जागी फिरतात, एवढाच फरक.

बरं, रुतली तर रुतली, पण ती ओढून न्यायची एक रीत आहे. साध्या गाडीची दोन चाकं उचलली आणि दोन रस्त्यावर फिरू दिली तरी निभतं. हिची चारही चाकं जमिनीवरून उचलावी लागतात. दोनच फिरू दिली, तर ती मधल्या दांड्यातून न फिरणाऱ्या दोघांशी भांडत बसतात, आणि पाच-सात मैलांत मधला जोड जळतो. आतलं तेल काळं होतं, करपलेल्या साखरेसारखा वास येतो, आणि गाडीच्या निम्म्या किमतीचं काम निघतं. हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं असतं. ते पुस्तक आजवर कोणी उघडलेलं मी पाहिलं नाही. दर दुसरा माणूस मला सांगतो, "जवळच तर न्यायची आहे, दोरी लावून ओढा की." मी समजावते. पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून, नेमक्या ह्याच चुकीचा आळ जेव्हा माझ्यावर आला, तेव्हा मला किती राग आला असेल ते तुम्हीच बघा.

मार्चच्या शेवटापासून तीन गाड्या झाल्या. तिन्ही टॅनरी हिलच्या पायथ्याशी रुतल्या होत्या. तिन्ही आम्ही सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून, चारही चाकं पट्ट्यांनी बांधून आणल्या. आणि तिन्हींचा मधला जोड जळलेला निघाला. शेजारच्या गावचा मेकॅनिक पॉमरॉय, त्याच्याकडे त्या दुरुस्तीला गेल्या. त्याने मला फोन केला.

"ओडेट, वाईट वाटून घेऊ नकोस, पण ह्या घासत आणलेल्या गाड्या आहेत."

"माझ्याकडे फोटो आहेत. चढवताना आणि उतरवताना मैलांचा आकडा सारखाच आहे."

"चावी बंद असताना आकडा हलत नाही. हे मला तूच शिकवलंस."

ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

गावात कोणाची गाडी अडकली की कुठल्या गॅरेजला पाठवायचं, त्याची एक यादी असते. ती गावची पाच जणांची समिती ठरवते. लारो हे नाव त्या यादीत पहिलं, माझ्या बापाच्या काळापासून. तिसऱ्या गाडीच्या मालकाने लेखी तक्रार दिली आणि समितीने ती गुरुवारच्या बैठकीत घ्यायचं ठरवलं. यादीतून नाव निघालं की आमच्यासारख्या ठिकाणी गॅरेज संपलंच. पण खरं सांगायचं तर मला पोटापेक्षा नावाची काळजी होती. आयुष्यभर ज्या चुकीवरून मी लोकांना झापलं, तीच चूक माझ्या नावावर चिकटणार होती.

संशय एकाच माणसावर जात होता. ऑरिन विलर्ड माझ्याकडे एकोणीस वर्षं ट्रक चालवतो. बावन्न वर्षांचा, सडसडीत, दिवसाला चाळीस शब्द बोलणारा. शेडमध्ये माझ्या बापाचा जुना ट्रक पडून आहे, दोनच चाकं उचलणारा. तो काढायला सोपा, वळवायला सोपा. सोमवारी सकाळी मी ऑरिनला ऑफिसात उभं केलं.

"जुना ट्रक काढलास का?"

"नाही."

"खरं सांग. तीन-तीन फोन एकदम आले, तू दमलास, म्हणालास जाऊ दे, सातच मैल आहेत. मी समजू शकते."

"तू समजू शकत नाहीस," तो म्हणाला. "तू समजणाऱ्यातली असतीस तर मी कधीतरी केलंही असतं. तुझ्या धाकाने नाही केलं."

"मग काय गाड्या आपोआप जळतात?"

त्याने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. "त्या टेकडीवरून निघालं की ट्रक जड जातो," तो म्हणाला. "पुढून हलका, मागून जड. चढाला दम टाकतो. तीनदा झालं. तुला सांगणार होतो, पण तू म्हणाली असतीस की डिझेलची जाळी साफ कर."

"साफ केलीस का?"

"केली."

मी त्याला जा म्हटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतेय की संन्याशाचं सोंग घेतलेला चोर समोर उभा आहे, मला ठरवता येईना.

मंगळवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला. जोसेलिन हेझन, गावच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, आणि आता त्या समितीच्या अध्यक्ष. त्यांची गाडी टॅनरी हिलवरून खाली येताना रुतली होती. मी कपाळावर हात मारला.

"ओडेट, मला ठाऊक आहे की ह्या आठवड्यात हे जरा अवघड दिसतं," त्या म्हणाल्या. "पण यादीत तूच पहिली आहेस, आणि बैठक होईपर्यंत नियम म्हणजे नियम. चावी सीटवर आहे. मी घरी परत चालत आले. दुपारी शेजारीण मला तुझ्याकडे सोडेल."

"मी स्वतः जाते," मी म्हणाले.

गेले. ऑरिनच्या शेजारी बसले, हातात वही, जणू परीक्षा घ्यायला चाललेय. वाटेत मेपलचा रस आटवायच्या खोपट्यांमधून वाफ निघत होती. ऊन पडलेलं होतं, शेताच्या कडेला घाणेरडा बर्फ उरला होता.

टॅनरी हिलच्या पायथ्याशी रस्ता एकदम रुंद होतो. कडेला दोन ट्रक उभे राहतील एवढी खडीची घट्ट जागा. तिथे कोणीही नव्हतं, काहीही ठेवलेलं नव्हतं. मी मुद्दाम पाहून वहीत लिहिलं. हेझनबाईंची हिरवट गाडी तिथून शंभरएक पावलं वर, नाक खाली करून, पोटापर्यंत चिखलात बसलेली. आम्ही चाकांपुढे फळ्या टाकल्या, पुढच्या कडीला ट्रकवरच्या विंचचा, म्हणजे ओढायच्या रहाटाचा, दोर लावला आणि सावकाश खडीपर्यंत ओढून आणली. मग ट्रकची पाठ कलती केली, गाडी वर चढवली, पाठ सरळ केली. चारही चाकांवरचे पट्टे मी स्वतः कसले. प्रत्येकावर चापट मारून पाहिली. फोटो काढले. फोटोत गाडी अगदी समतल दिसत होती.

"समाधान?" ऑरिनने विचारलं.

"चल."

पहिल्या पाव मैलात काही झालं नाही. मग पक्का रस्ता आला, चढ सुरू झाला, आणि इंजिनाचा आवाज खाली उतरला. मी काट्यांकडे पाहिलं. सगळं ठीक. ऑरिनने गियर खाली घेतला.

"हे," तो म्हणाला. "हेच."

"थांबव."

मी उतरून मागे गेले. पट्टे घट्ट, चाकं जागच्या जागी. पण हेझनबाईंची गाडी मागून बसली होती. पुढच्या चाकाच्या आणि वरच्या पत्र्याच्या मध्ये माझी चार बोटं जात होती. मागे एकही जात नव्हतं. मी मागचं दार उघडलं. पक्ष्यांच्या दाण्याची एक पिशवी, छत्री, शाळेच्या ग्रंथालयाची दोन पुस्तकं. एवढ्याने स्प्रिंग बसत नाही. गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा होता, तसा आमच्याकडे निम्म्या गाड्यांना असतो. मी पत्र्यावर जोर देऊन पाहिला. गाडी दबायला हवी आणि परत वर यायला हवी. ती हललीच नाही. आधीच जेवढी दबायची तेवढी दबलेली होती.

मी फोनमधला फोटो उघडला आणि समोर धरला. पाच-दहा मिनिटांपूर्वीची समतल गाडी. मग गाडीखाली वाकून मधल्या जोडावर तळहात ठेवला, आणि झटकन काढला. बंद गाडी, बांधलेली चाकं, आणि जोड तव्यासारखा तापलेला.

मला भीती वाटायला हवी होती. आला तो संताप. तीन आठवडे मी ज्या उत्तरासाठी डोकं फोडतेय ते असं, मागून बसलेलं आणि मुकं. ह्याचं मी गुरुवारी समितीपुढे काय करू?

"हळू घे," मी ऑरिनला म्हणाले. "धावण्यापेक्षा हळू. जोड तापू द्यायचा नाही."

"सात मैल?"

"सात मैल."

आम्ही निघालो. मी खिडकीतून सारखी मागे बघत होते. आमच्या मागे गाड्या साचल्या, पाच, सहा. आमच्याकडे कोणी हॉर्न देत नाही, मनातल्या मनात देतात. मला एक गोष्ट चमत्कारिक वाटली. आमच्या लगेच मागच्या गाडीत डाकवाली बाई होती, आणि ती नेहमी पुढच्याच्या पाठीवर बसून चालवते. आज ती खूप मागे राहिली होती. चौकातल्या थांब्यावर आम्ही उभे राहिलो तेव्हा तीही उभी राहिली, आमच्यापासून वीस फुटांवर, आणि मधली जागा तशीच मोकळी सोडून. तिच्या मागच्यांनीही तिला पुढे सरकायला लावलं नाही.

गॅरेजच्या फाटकातून आत वळताना ऑरिनने रस्त्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत जाऊन मोठा वळसा घेतला.

"हे कशाला?"

त्याने स्टिअरिंगवरच्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "सवय," तो म्हणाला. "मागचं खांबाला घासू नये म्हणून."

"मागे काय आहे?"

त्याने ट्रक अंगणात नेऊन उभा केला.

गाडी उतरवली. उतरताना ती सरळ न येता किंचित वाकडी आली, ट्रेलर मागे ढकलताना येते तशी. अंगणातल्या खडीवर उभी राहिली तरी मागून बसलेलीच. मी ताबडतोब जोडाचं बूच ढिलं करून चिंधीवर दोन थेंब घेतले. तेल मधासारखं पिवळं होतं. करपलं नव्हतं. हळू आणल्याचा फायदा झाला होता. ही गाडी वाचली होती, पण अशी, ह्या अवस्थेत, हेझनबाईंच्या हाती दिली तर घरी पोचायच्या आत जळली असती. आणि गुरुवारी त्या स्वतः ते सांगायला बसल्या असत्या.

"ऑरिन, काय करायचं?"

मी त्याला असा प्रश्न एकोणीस वर्षांत विचारला नव्हता. तो गाडीमागे गेला आणि थोडा वेळ उभा राहिला. मग शेडमधून लाकडाचे दोन ठोकळे आणले आणि गाडीच्या बऱ्याच मागे, खडीवर, एकमेकांपासून सहा-सात फुटांवर ठेवले, उभ्या ट्रेलरच्या चाकांना अडसर लावतात तसे. तिथे काही नव्हतं. ठोकळे दोन बाजूंना, मध्ये रिकामी खडी.

मग तो गोळ्यापाशी आला, एका गुडघ्यावर बसला आणि हवेत हात फिरवू लागला. ट्रेलरचं नाक गोळ्यावरून उचलायला टेकूचा दांडा फिरवतात तसा, गोल, सावकाश. समोरच्या दुकानाच्या पायरीवर कॉफी पीत तिघं बसले होते. ते बघायला लागले. माझे कान तापले. बावन्न वर्षांचा माणूस लहान पोरासारखा खोटाखोटा खेळ खेळतोय, आणि तो माझा माणूस, माझ्या अंगणात, बैठकीला दोन दिवस उरलेले.

"पुरे कर," मी म्हणाले. "लोक बघतायत."

त्याने हात थांबवला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता, दंडाच्या शिरा फुगल्या होत्या. रिकाम्या हवेला एवढा जोर लागत नाही. मग त्याने गोळ्यावर एक खटका वर केल्यासारखं केलं.

गाडी करकरली. मागची बाजू सावकाश वर आली. एक बोट, दोन बोटं, चार.

दुकानाच्या पायरीवरचे तिघे आत निघून गेले.

ऑरिन उठला आणि पाटलोणीला हात पुसत माझ्याकडे आला. "भरलेलं होतं," तो हळूच म्हणाला. "टेकू चढवताना आतलं वजन एका बाजूवरून दुसरीकडे सरकलं."

आम्ही दोघं जन्मभर गुरांचे, घोड्यांचे ट्रेलर ओढत आलोय. पायांवर उभं असलेलं वजनच असं सरकतं, हे मला विचारायची गरज नव्हती.

"मी आत जाऊन बसतो जरा," तो म्हणाला. "उरलेलं तू बघ."

हो, म्हणाले मी. आणि तेवढ्यात फाटकातून हेझनबाईंना घेऊन त्यांची शेजारीण आत शिरली, दोन तास आधीच.

मी पुढे धावले. आधी त्यांना चिंधीवरचं पिवळं तेल दाखवलं. मग फोटो, पट्टे, ट्रकची पाठ. मग मला थांबवेना. चार चाकं, मधला दांडा, भांडण, जळणं, सगळं सांगितलं, बापाच्या काळापासून. हेझनबाईंनी चष्मा लावून चिंधी उन्हात धरली, वास घेतला. आमच्या शाळेत त्या अशाच वह्या तपासत.

"हे स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे तू सांगत होतीस ते खरं. मी गुरुवारी सांगेन तसं. तक्रारीवर मी आधीच मत बनवलं होतं, ओडेट. माझी चूक झाली."

मला रडू आलं. मी त्यांना गाडी सुस्थितीत मिळाल्याचा कागद दिला, त्यांनी बोनेटवर ठेवून सही केली. टॅनरी हिलचा रस्ता चिखलाने बंद असल्यामुळे त्या वरून, कड्यावरून वळसा घालून जाणार होत्या. गाडी सुरू झाली, निघाली. मागून अगदी समतल. मला इतकं हलकं किती दिवसांत वाटलं नव्हतं.

मी ऑफिसात गेले. ऑरिन खुर्चीत डोळे मिटून बसला होता. मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली, डब्यातला डोनट आणि लोणच्यातली काकडी ठेवली, आणि त्याच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल माफी मागितली. नीट, तोंडाने. तो म्हणाला, ठीक आहे. आम्ही खाल्लं. मी खुशीत बरंच बोलत होते. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील.

"ते तसंच बाहेर ठेवायचं का?" त्याने विचारलं.

"काय?"

तो उठून खिडकीशी गेला. मग दार उघडून बाहेर. मीही गेले.

ठोकळे जागेवर नव्हते. दोन्ही आडवे होऊन फाटकाच्या दिशेला पडले होते. ओल्या खडीत गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या, आणि त्यांच्या बाहेर, दोन्ही बाजूंना वीतभर अंतर सोडून, आणखी दोन चर. खोल. ते फाटकाबाहेर जाऊन रस्त्याला लागले होते.

"साखळ्या," ऑरिन म्हणाला.

ट्रेलर गाडीला दोन गोष्टींनी जोडलेला असतो. गोळ्यावर बसणारी लोखंडी वाटी, आणि वाटी निसटलीच तर धरून ठेवायला खालून दोन साखळ्या. आम्ही दोघं मिळून ट्रेलर सोडतो तेव्हा वाटी तो उचलतो, साखळ्या मी काढते. एकोणीस वर्षं. सांगावं लागत नाही. उरलेलं तू बघ, असं म्हणून तो आत गेला होता.

"काढल्यास ना?" त्याने विचारलं.

मी काढल्या नव्हत्या. आठवण नव्हती असं नाही. गाडी वर आली तेव्हा माझे हात त्या दिशेने गेलेही होते. पण रिकाम्या खडीवर गुडघे टेकून, हवेतून साखळ्या सोडवत असलेली ओडेट लारो, फाटकातून येणाऱ्या अध्यक्षबाईंना दिसली असती. मला लाज वाटली. आणि मी तेलाची चिंधी घेऊन पुढे धावले.

ऑरिनने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ट्रककडे पळत सुटला.

मी फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला. कड्यावर तेवढा लागतो.

"ओडेट," हेझनबाई म्हणाल्या, "मी तुलाच करणार होते."

"गाडी कशी चालतेय?"

"झकास. मागून हलकी झाली. फक्त ब्रेक लावला की मागून काहीतरी येऊन टेकतं. सोडला की मागे जातं. तू काही बदललंस का?"

"कुठे आहात तुम्ही?"

"उतार सुरू झाला बघ आत्ताच."

नुसत्या साखळ्यांवर लोंबणारा ट्रेलर मागे असेल तर काय करायचं हे मी शंभर जणांना सांगितलंय. ब्रेक लावू नका. साखळ्या ताणलेल्या राहतील असं बेतानं पुढे जात राहा, आणि चढ मिळाला की त्यावर गाडी थांबवा. कड्यापासून ओढ्यापर्यंत दीड मैलात चढ नाही.

"ब्रेक लावू नका," मी म्हणाले.

"उतारावर?" त्यांनी चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीला विचारावं तसं विचारलं.

"हेझनबाई, ऐका माझं."

फोनमध्ये टक्कन आवाज आला. मग थोड्या वेळाने पुन्हा. मग जरा जोरात, आणि त्यानंतर आवाज आला नाही. येऊन टेकलेलं ते मागे गेलंच नव्हतं.

"हेझनबाई?"

"ऐकतेय." आवाज शाळेतलाच होता, स्पष्ट, न कापणारा. "ओडेट, मी ब्रेक पूर्ण दाबलाय. चाकं थांबली आहेत, पायाखाली कळतंय मला. झाडं मात्र अजून मागे जातायत."